वेलीला हृदय नसतं, आपल्याला असतं: फिरत्या मजकुराबद्दल खुलासा

निफाड-दिंडोरीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय: छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीतून पाणी टपकतं, वेलीला हृदय नसतं, म्हणजे रक्तही आपोआपच फिरतं, हृदय पंप नाही, गोळ्या बंद करा.

टपकणं खरं आहे, आपण बागेत पाहतोच. पण ते मुळांच्या दाबाने येतं: मुळं क्षार आत ओढतात, त्यामागे पाणी शिरतं. पानं फुटली की काम बदलतं. पानांतून वाफ उडते आणि मृत पेशींच्या बारीक नळ्यांतून पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. बहुतेक पाणी हवेत जातं, फिरून येत नाही.

रक्त फिरून येतं. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरांनी १६२८ मध्येच हिशेब मांडला: अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त ढकलतं, तेवढं शरीरात नसतंच. पुढे स्टीफन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी वेलीतल्या रसाचा दाब मोजला, तसाच घोडीच्या रक्ताचाही. धमनीला जोडलेल्या काचनळीत रक्त आठ फुटांवर चढलं आणि प्रत्येक ठोक्याला वरखाली झालं. हा पंप नाही तर काय?

कुणी गोळ्या थांबवल्या असतील, तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा.