मठात पुस्तकं, नाट्यगृहात कोण?

कोल्हापुरात 'कॉन्व्हेंट' म्हणजे टाय लावून जायची इंग्रजी शाळा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टला राहायला आलो तेव्हा कळलं, मुळात हा शब्द मठाचा. इथं डॉमिनिकन साधूंच्या मठाचं 1294 सालचं चर्च आहे. 1794 मध्ये फ्रेंच फौज शहरात शिरली, पाठोपाठ साधूंना जावं लागलं, आणि मग चर्चच्या वाट्याला काय काय आलं! आधी लष्कराचे घोडे, मग कोठार, शेवटी चक्क सायकली. 2006 पासून तिथं पुस्तकांचं दुकान आहे.

दुकानाला 1200 चौरस मीटर जागा हवी होती आणि चर्चमध्ये होती 750. आपल्याकडं स्लॅब टाकून माळा काढला असता. इथं एका अंगाला काळ्या पोलादाचं, जिन्यासकट भलंमोठं मजली कपाट उभं केलंय, जुन्या भिंतींचा आधार न घेता. उद्या दुकान उठलं तर सांगाडा काढायचा, चर्च आहे तसं. गाभाऱ्याच्या जागी कॉफी मिळते. मधलं टेबल क्रुसाच्या आकाराचं. पहिल्या दिवशी त्यावर कप ठेवताना माझाच हात अडखळला. शेजारच्या आजीबाई निवांत केक खात होत्या.

आमच्या शाळेच्या ग्रुपवरचा वाद मात्र कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचा. शाहू महाराजांनी बांधलेलं 1915 चं हे पॅलेस थिएटर 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, संगीत नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. मित्रानं व्हिडिओ कॉल लावला होता. तो काहीच बोलत नव्हता, नुसत्या ज्वाळा दाखवत होता. तेव्हापासून ग्रुपवर दोन तट: एक म्हणतो जसंच्या तसं बांधा, दुसरा म्हणतो एसी-पार्किंगसकट नवंच करा. मी पहिल्या तटात, पण अर्धाच. बाहेरून आणि रंगमंचाला जुनंच रूप हवं. आत लागेल ती सोय करावी, फक्त ती पुढं काढता यावी.

मात्र आम्ही जीव तोडून भांडतोय ते इमारतीच्या दगडावरून. हौशी नाटकमंडळींना भाडं परवडेल का, हे ग्रुपवर एकानंही विचारलेलं नाही. मास्ट्रिक्टमध्येच क्रूझहेरेन पंथाच्या साधूंचा पंधराव्या शतकातला मठ आहे, 2005 पासून तिथं महागडं हॉटेल. जतन अगदी देखणं केलंय. मी दारातल्या तांब्याच्या बोगद्यापर्यंत जातो आणि परत फिरतो. पुस्तकांच्या दुकानाची मालक साखळी 2014 मध्ये बुडाली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी लोकांकडून वर्गणी काढून दुकान चालू ठेवलं. हॉटेलसाठी कोण वर्गणी देईल?

(मला उपदेशाचा अधिकार किती? पेठेतला आमचा वाडा बिल्डरला देताना मीही सही केलीय, तीही इथून कुरियरनं.)

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मित्राचं उत्तर आलं, "भावा, तिकडं बसून सोप्पं हाय. दुपारच्या तालमीचं भाडं किती असावं, आकडा सांग." अजून सांगितलेला नाही.