सव्वातीनचा मुहूर्त

रात्री सव्वातीनला गोव्यात दोन प्रकारची माणसं जागी असतात. एक, बागा-हणजुणेच्या बाजूला पैसे मोजून जागणारी. त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. दुसरी, पेडण्यापासून काणकोणपर्यंत आपापल्या घरात फुकट जागणारी. ही मंडळी आढ्याकडे बघत गणित करत असतात. ‘आत्ता झोप लागली तर सहापर्यंत पावणेतीन तास मिळतील.’ दहा मिनिटांनी, ‘आत्ता लागली तर दोन तास पस्तीस.’ पहिली सूचना ही की वजाबाकी बंद करा, कारण ती करायला मेंदू जागा लागतो. त्यासाठी घड्याळाचं तोंड भिंतीकडे फिरवा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. गजरासाठी उशाशी लागतो, ही सबब मी मान्य करत नाही. गजर बाहेरच्या खोलीतूनही ऐकू येतो, आणि तो बंद करायला उठून जावं लागणं हा उलट फायदाच आहे.

आता निर्दोष मुक्तता. रात्री जाग येणं हा आजार नाही. झोप एकसंध नसतेच. साधारण ९० मिनिटांचं एक आवर्तन, अशी रात्रीतून चार ते सहा. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते, माणूस कूस बदलतो, क्षणभर जागाही होतो आणि सकाळी ते विसरतो. गाढ झोपेचा बहुतेक साठा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशातच संपतो. दोननंतर उरते ती हलकी झोप आणि स्वप्नं. घरातली आजी सव्वातीनला जाग येण्याचं श्रेय गावच्या राखणदार देवाच्या फेरीला देते, मी आवर्तनाला देतो. वेळ दोघांचीही बरोबर येते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. खरा छळ जाग आल्यावर पुढच्या वीस मिनिटांत आपण जे उद्योग करतो त्यातून सुरू होतो.

त्याआधी संशयितांची ओळखपरेड करू. पहिल्या आरोपीविरुद्ध साक्ष द्यायला गोव्यात कुणी तयार होत नाही. तो म्हणजे दुपारची झोप. सकाळी उठल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, आणि जितकं जास्त साठेल तितका झोपेचा रेटा मोठा. दुपारी शीत (भात), हुमण (माशांची आमटी), तळलेला बांगडा पोटात गेला, दुकानाचं शटर खाली आलं आणि माणूस दीड-दोन तास आडवा झाला, की ही साठवलेली उधारी भर दुपारीच फिटते. रात्री दहाला बिछान्यावर जाताना खिशात अर्धीच झोप असते. ती पहिल्या तीन आवर्तनांना पुरते आणि सव्वातीनला संपते. एवढं सरळ गणित असूनही लोक मोबाईल टॉवरला दोष देतील, शनीला देतील, सुनेला देतील, पण दुपारच्या झोपेचं नाव काढणार नाहीत. तिच्यावर बंदी घालण्याची माझी हिंमत नाही. तडजोड सांगतो. झोप तीनच्या आत, जास्तीत जास्त वीस मिनिटं, पलंगावर नव्हे तर आरामखुर्चीत, खिडक्या उघड्या आणि गजर लावून. अर्ध्या तासापलीकडे गेलात तर गाढ झोपेत शिरता आणि मधूनच उठवल्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी घरात जाग आल्यासारखा चेहरा करून बसता.

दुसरा आरोपी बाटलीतला. मार्च ते मे हुर्राकाचे, म्हणजे काजूबोंडांच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूचे दिवस, आणि फेणीला तर महिन्याचं बंधन नाही. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिच्या उगमाला आणि परंपरेला. झोपेचं औषध म्हणून नव्हे. अल्कोहोलने डोळा पटकन लागतो, हे खरं. पण यकृत तासाला साधारण एक पेग या सरकारी गतीने काम उरकत असतं. अकराला तीन पेग लावून झोपलेल्या माणसाचा कारभार दोन-तीनच्या सुमारास आटोपतो, आणि तोवर दाबून ठेवलेली मज्जासंस्था उसळी मारते. छाती धडधडते, घाम फुटतो, तहान लागते, आणि पहिल्या भागात रोखलेली स्वप्नं एकदम रांग मोडून आत घुसतात. घसा सैल पडल्याने घोरणं वाढतं ते वेगळंच, पण त्याची तक्रार शेजारच्या उशीवरून येते. शेवटचा घोट आणि झोप यांत तीन-चार तासांचं अंतर ठेवा. चहा-कॉफीला त्याहून जास्त ठेवा. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे पाचच्या कपातलं अर्धं रात्री दहाला अंगात हजर असतं.

हवामानाचं प्रकरण मात्र आपल्या हाताबाहेर. झोपेत शरीराचं आतलं तापमान अंशभर उतरावं लागतं, आणि मे महिन्यात पणजीचा पारा रात्रीही सव्वीसच्या आसपास घुटमळतो. हवा इतकी दमट की घाम येतो, वाळत नाही. त्यावर लोकप्रिय उपाय म्हणजे एसी बाविसावर ठेवून दोन-तीन तासांचा टायमर लावणं. हा जाग येण्याचा खात्रीशीर उपाय आहे. एकला एसी बंद होतो, तीनपर्यंत खोली पुन्हा चिकट होते, आणि स्वप्नांच्या झोपेत शरीराची तापमान सांभाळण्याची यंत्रणा मंद असते, म्हणजे नेमकं तेव्हाच बाहेरचं गरम सोसवत नाही. त्याऐवजी एसी सव्वीस-सत्तावीसवर रात्रभर आणि सोबत पंखा मंद. नुसताच पंखा असेल तर त्याचा झोत थेट अंगावर, सुती चादर आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. त्याने डासांचाही बंदोबस्त होतो, कारण डास वाऱ्यात फार वाईट उडतो.

पावसाळ्यात वीज गेली की पंखा थांबतो आणि त्या शांततेनेच माणूस उठतो. मेंदूला आवाजापेक्षा आवाजातला बदल खुपतो. बऱ्याच घरांत इन्व्हर्टरवर हॉलचा टीव्ही असतो, झोपायच्या खोलीतला पंखा नसतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून हा अन्याय दूर करून घ्या. इन्व्हर्टर खोलीबाहेर काढा, म्हणजे त्याचं टीं-टीं तुम्हाला नव्हे, भिंतीला ऐकू जाईल. सततची एकसुरी घरघर बाहेरचे आवाज झाकते, हा टेबलफॅनचा कुणी न गायलेला गुण. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती पत्र्यावर पडणाऱ्या नारळाला लागू नाही, आणि एप्रिलमध्ये उजाडण्याच्या कितीतरी आधी आळवायला बसलेल्या कोकिळाला तर मुळीच नाही.

समजा, एवढं सांभाळूनही जाग आलीच. आता काय? १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सांगितलेला उपाय आजही पहिल्या पंक्तीत बसतो. अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही तर बिछाना सोडा. अंदाजे म्हणजे घड्याळ न बघता. चिडचिड सुरू झाली की वीस मिनिटं झाली असं समजा. कारण असं की रोज तासन्‌तास जागं राहून पलंगाची आणि जागेपणाची जोडी जमून जाते. मग डोकं उशीला टेकताच मेंदू कामावर हजर.

उठून जायचं, तर तयारी संध्याकाळीच हवी. बाहेरच्या खोलीत गुडघ्याखालच्या उंचीवर एक मंद पिवळा दिवा, एक खुर्ची, आणि करायला एक काम. काम निवडण्यात बहुतेकजण फसतात. ते कंटाळवाणं हवं, कुठेही अर्धवट सोडता यावं, आणि संपल्याचा आनंद त्यातून मिळू नये. ताटलीत पसाभर कुळीथ घेऊन खडे वेचणं माझ्या मते आदर्श. चिंचा सोलू नयेत. बोटं चिकट होतात, नळ सोडावा लागतो, गार पाण्याने उरलीसुरली झोप जाते. लसूण सोलला तर वासाने सगळं घर उठतं. वाचायचं तर राजपत्रातली जुनी निविदा वाचा, पण जमिनीचा वन-फोर्टीनचा उतारा चुकूनही नको. त्यात कब्जेदारांच्या रकान्यात चुलत्यांची नावं असतात, आणि एकदा ती नजरेस पडली की माणूस उजाडेपर्यंत कोर्टात उभा असतो. सव्वातीनला विचार मुळातच काळे येतात. शरीराचं तापमान आणि उमेद दोन्ही त्या सुमारास तळाला असतात. त्या वेळी लागलेला कुठलाही निकाल सकाळी चहानंतर फेरविचारासाठी घ्यावा.

मोबाईल का नको? त्याचा उजेड हे एक कारण झालं. पण तुम्ही हिरव्या ठिपक्यासह प्रकट झालात की इंग्लंडात स्विंडनला असलेल्या मावसभावाला कळतं. उन्हाळ्यात तिथे तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजलेले असतात. तो लगेच फोन करतो, “जागाच आहेस? बरं झालं. त्या मुंडकाराच्या केसचं काय झालं रे?” मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. त्याच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा, केस जवळपास त्याच वयाची. गेली रात्र.

डोळे मिटायला लागले की परत पलंगावर. नुसता थकवा पुरेसा नाही, पापण्या जड हव्यात. पुन्हा झोप आली नाही तर पुन्हा बाहेर. पहिल्या आठवड्यात रात्रीतून तीन-चार फेऱ्या होतात, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी काठी घेऊन बाहेर येतं. दोन गोष्टींनी हा उपाय हमखास बिघडतो. सोफ्यावरच ताणून दिली तर जोडी सोफ्याशी जमते, पलंग होता तिथेच. आणि डब्यातला चिवडा काढला तर चार दिवसांत पोटच सव्वातीनला उठवू लागतं.

पलंगावरून उठायचा फारच कंटाळा असेल तर उलटी चाल खेळून बघा. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांनी हे तंत्र मांडलं. अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचं आणि जागं राहण्याचा प्रयत्न करायचा. हे आपल्याकडे जत्रेत कधीच सिद्ध झालंय. रात्रभर जागून दशावतार बघायचा या निश्चयाने चटई टाकून बसलेला माणूस संकासुर येण्याआधीच घोरू लागतो. निश्चय झोपेचा केला की ती पळते.

महिनोन्‌महिने हेच चाललं असेल तर आणखी कडक औषध आहे, आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेलं. एक-दोन आठवडे सकाळी उठल्यावर अंदाजाने नोंद ठेवा, पलंगावर किती तास आणि झोप किती. समजा साडेनऊ ते साडेसहा, नऊ तास पलंगावर, त्यात झोप सहा. म्हणजे जेमतेम ६७ टक्के. आता पलंगाला सहाच तास द्यायचे, रात्री साडेबारा ते साडेसहा. झोप ८५ टक्क्यांवर गेली की आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली जायचं नाही. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते, तेव्हा स्कूटर सांभाळून, शक्यतो नकोच. फेफरं किंवा तीव्र मनोविकार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांशिवाय करू नये. सगळ्यात अवघड भाग म्हणजे साडेबारापर्यंत करायचं काय. सगळं गाव दहाला चिडीचूप, आणि घरातलं प्रत्येक माणूस जाता जाता विचारतं, “अजून झोपला नाहीस? म्हणूनच तुला झोप येत नाही.”

जायफळाबद्दल सगळ्यांनाच बोलायचं असतं, कारण फोंड्याकडच्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, ते झाडालाच लागतं. दुधात चिमूटभर उगाळून घ्या, चव छान लागते. पण चिमूट म्हणजे चिमूटच. पाच ग्रॅमच्या पुढे जायफळ विष ठरू शकतं, छाती धडधडते, भास होतात. आणि कपभर दुधाचा हिशेब मूत्राशय तीनला मागतंच. झोपेआधीचे दोन तास पाणी कमी घ्या. पाय सुजत असतील तर संध्याकाळी तासभर ते वर करून बसा, नाहीतर आडवं झाल्यावर तेच पाणी रक्तात परतून रात्री बाहेर पडायला निघतं. तरीही रोज रात्री दोनदा-तीनदा उठावं लागत असेल तर साखर आणि प्रोस्टेट तपासून घ्या.

घोरता घोरता श्वास अडकतो असं शेजारच्या उशीने सांगितलं, सकाळी डोकं दुखतं, किंवा आठवड्यातून तीन रात्री झोपेचं हे रडगाणं तीन महिने चाललंय, तर डॉक्टर गाठा. बांबोळीला जातो म्हटल्यावर लोक भुवया उंचावतात, कारण गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, तिथेच आणि मनोविकार संस्थाही तिथेच. उंचावू द्या. शेजाऱ्याच्या गोळ्यांच्या पाकिटातली अल्प्राझोलाम या गुंगीच्या औषधाची अर्धी गोळी मात्र घेऊ नका. सवय लागते, आणि वयस्कर माणूस रात्री न्हाणीघराच्या वाटेवर पडतो.

राहिली सकाळ. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की पाव दारात मागवू नका, रस्त्यावर जाऊन घ्या आणि वीसेक मिनिटं बाहेरच थांबा. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर चालतं, आणि जुलैतल्या ढगाळ सकाळीही अंगणात खोलीतल्या ट्यूबपेक्षा कितीतरी पट उजेड असतो. पाऊस असेल तर छत्री घेऊन उभे राहा. शेजारी विचारतील इथे काय करताय. आज रात्रीच्या झोपेची तयारी चाललीय असं सांगा, पुढे कुणी काही विचारत नाही.