‘कोळसा भरलेली प्लेट’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब. आमच्या ग्रॅफाइट मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या, उष्णता पसरवणाऱ्या प्लेटबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. उष्णतावहनाचा ५०० चा आकडा सांगून चौपट पैसे घेतले, लॅबमध्ये तपासलं तर ४२ आलं, सौर पंपाच्या कंट्रोलरमधलं मॉड्यूल साध्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यापेक्षा १८ अंश जास्त तापतं, सप्टेंबरच्या पावसानंतर कडेला पांढरी भुकटी सुटली, आणि एकूण ही कोळसा भरलेली प्लेट आहे, असं तुमचं म्हणणं. चिंचोली एमआयडीसीतले लोकही इथे वाचूनच फोन करतात, म्हणून इथेच लिहितो.

लॅबचा रिपोर्ट बरोबर आहे. तेवढाच आकडा यायला हवा होता. आमच्या कोटेशनवर उष्णतावहनाचे दोन आकडे छापलेले आहेत: प्लेटच्या पातळीत, म्हणजे आडव्या दिशेने ५००, जाडीतून आरपार ४०, दोन्ही वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये. लेझर फ्लॅश चाचणीत चकतीच्या एका तोंडावर प्रकाशाचा झटका देतात आणि दुसऱ्या तोंडाचं तापमान किती वेळात चढतं ते बघतात. म्हणजे मोजलं जातं ते जाडीतून होणारं वहन. पातळीतला आकडा हवा असेल तर नमुना आडवा कापून द्यावा लागतो, नाहीतर लॅबला तसं स्पष्ट सांगावं लागतं.

हा फरक ग्रॅफाइटच्या घडणीतच आहे. त्याच्या थरात कार्बनचे अणू घट्ट बांधलेले असतात, तिथून उष्णता तांब्यापेक्षाही कितीतरी वेगाने पळते. थर आणि थर यांच्यातली पकड मात्र ढिली, त्यामुळे आरपार जाताना ती अडते. ॲल्युमिनियमच्या पावडरीत मिसळून दाबले की ग्रॅफाइटचे हे फ्लेक्स, म्हणजे पातळ पापुद्रे, कडक भाकऱ्यांच्या चळतीसारखे एकावर एक आडवे होतात, आणि ग्रॅफाइटचा हा स्वभाव सगळ्या प्लेटला लागतो. तांबं कुठूनही मोजा, ४०० च्या आसपासच येणार. आमच्या मालाचं तसं नाही, म्हणून प्रत्येक प्लेटवर दिशेचा बाण कोरलेला असतो.

आता तुमचे १८ अंश. ऑर्डर देताना डिझाइन बंद पेटीचं होतं, उष्णता प्लेटमधून आडवी जाऊन पेटीच्या भिंतीला पोचणार होती. नंतर तुम्ही खाली हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा ठोकळा, घेतला आणि आमच्या प्लेटच्या कोपऱ्यातून मॉड्यूलच्या मापाचा तुकडा कापून मधे सरकवला. तुकडा २ बाय २ सेंटीमीटर, जाडी ४ मिलिमीटर, मॉड्यूलची उष्णता तुम्हीच सांगितलेली ९० वॅट. तुमच्याच लॅबचा ४२ धरला तर त्या जाडीत तापमानाचा फरक पडतो साधारण २१ अंश. ॲल्युमिनियमचे २०० धरले तर साडेचार. वजा करून बघा की, तुमच्या थर्मामीटरच्या अगदी जवळ येतं. आडवं पसरायला त्या तुकड्यात जागाच उरली नव्हती.

भुकटीचं म्हणाल तर तुमच्या फोटोत ती फक्त दोन कापलेल्या कडांना आहे. निकेलचा थर शाबूत असलेल्या बाकीच्या दोन कडा स्वच्छ दिसतात. ग्राइंडर लावला की निकेल गेलं, ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात शेजारी शेजारी उघडे पडले, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. दमट हवेत हे होणारच. माल कापण्याआधी आमच्याकडे पाठवा, कापून पुन्हा प्लेटिंग करून देतो, हे चलनावरही लिहिलेलं आहे.

कोळसा असता तर फार स्वस्तात पडला असता! ग्रॅफाइटचा फ्लेकही तसा महाग नाही. पैसे जातात व्हॅक्यूम हॉट प्रेसला, म्हणजे हवा काढून गरम असताना दाबण्याला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आम्ही त्याच्या खालीच दाबतो, कारण वितळलेल्या धातूत ग्रॅफाइट जास्त वेळ राहिलं तर ॲल्युमिनियम कार्बाइड धरतं. ते ठिसूळ असतं, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, आणि वहनही घटतं.

चौपट किमतीबद्दल माझं मत आधीही सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. उघडा हीटसिंक आणि पंखा लावायला जागा असेल तर आमची प्लेट घेऊच नका, ६०६३ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची एक्सट्रूड केलेली पट्टी बाजारातून आणा. आमचा माल लागतो तो बंद पेटीत, वजन कमी ठेवायचं असेल तिथे, किंवा सिरॅमिक थेट सोल्डर करायचं असेल तिथे. दर अंशाला ॲल्युमिनियम मीटरमागे २३ मायक्रोमीटर पसरतं, ॲल्युमिना सिरॅमिक जेमतेम ७. मे महिन्यात सोलापुरात छपरावरची पेटी दिवसा भाजते आणि रात्री निवते, त्या ओढाताणीत सोल्डरला तडे जातात. आडव्या दिशेने ग्रॅफाइट जवळपास पसरतच नाही, म्हणून त्या पातळीत आमची प्लेट सिरॅमिकला बरीच जवळची पडते.

कापलेल्या तुकड्यांचे पैसे परत मिळणार नाहीत. न कापलेल्या प्लेट शिल्लक असतील तर आणा, त्या बदलून उभ्या फ्लेक्सच्या देतो. त्यात ५०० चा आकडा जाडीतून मिळतो, कमी वहनाची दिशा एका बाजूला जाते. दर तोच राहील. येताना नव्या हीटसिंकचं ड्रॉइंग घेऊन या, म्हणजे कापायच्या आधीच बाण कुठे करायचा ते ठरवू.