प्रेत जाळलं म्हणून पुनरुत्थान चुकत नाही

‘ख्रिस्ती लोक प्रेत पुरतात, कारण देह जळला तर न्यायाच्या दिवशी त्यांना उठता येत नाही. म्हणून चर्चची दहनाला बंदी आहे. आणि त्या दिवशी बाप्तिस्मा झालेले सगळे स्वर्गात, बाकीचे नरकात.’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरत असतो. यातलं एकही विधान टिकत नाही.

पहिला मुद्दा फार जुना आहे. इ. स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लिऑन शहरात ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. हुतात्म्यांचे देह सहा दिवस उघड्यावर टाकले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटली. पुन्हा उठण्याची आशाच यांना उरू नये, हा त्यामागचा उघड हेतू. वाचलेल्यांनी आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) ख्रिस्ती मंडळ्यांना पाठवलेलं पत्र इतिहासकार युसेबियसने जपून ठेवलं आहे. आपल्या माणसांना माती देता आली नाही याचं दुःख त्यात आहे. ते आता उठणार नाहीत, अशी भीती मात्र नाही. राख केली की देवाचा हात आखडतो, हा समज छळणाऱ्यांचा होता. आज तोच आमच्या माथी मारला जातो, याचा मला राग येतो.

बायबलमधल्या एका पत्रात प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना बी आणि रोपाचा दाखला दिला तो याचसाठी: पेरतो ते एक, उगवतं ते वेगळं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, तर समुद्रही आपल्यातले मृत परत देतो. बुडालेल्यांची कबर कुठे असते?

बंदीचं म्हणाल, तर कॅथलिक चर्चने ती १८८६ मध्ये घातली होती, हे खरं. त्या काळी युरोपात दहनाचा पुरस्कार करणाऱ्यांत चर्चचे कडवे विरोधक पुढे होते. १९६३ मध्ये ती उठली. दफनाला आजही प्राधान्य आहे, कारण येशूलाही कबरेत ठेवलं होतं. रक्षा विखुरू नये, घरी ठेवू नये, असं २०१६ मध्ये व्हॅटिकनने बजावलं. ऑर्थोडॉक्स चर्चचा दहनाला सहसा नकारच असतो. पण आपल्याकडे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं १९१९ मध्ये त्यांच्याच इच्छेने दहन झालं. त्यांच्या श्रद्धेवर कोण शंका घेईल?

राहिला न्याय. तारण, म्हणजे देवाकडून मिळणारी मुक्ती, श्रद्धेने मिळते की कृतीने, यावर ख्रिस्ती पंथांत शतकानुशतकं वाद आहे, तो मी झाकत नाही. ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, पोचलंच नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट सांगितलं. आणि बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात येशू न्यायाचं जे वर्णन करतो, त्यात न्याय करणारा राजा बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही. भुकेल्याला जेवू घातलंस का, परक्याला घरात घेतलंस का, तुरुंगात भेटायला गेलास का, यावरच तो माणसं वेगळी करतो. त्याला ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारे दोन्ही बाजूंना उभे आहेत.