मच्छेच्या वाचकाला उत्तर : स्टॉक कुणाच्या डोक्यावर?

नमस्कार मालक,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कंपनी आणि पुरवठादार यांनी साठ्याचे आकडे एकमेकांना दाखवावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हे सगळं पुस्तकी; सहकार्य म्हणजे कंपनीचा साठा आपल्यासारख्या पुरवठादाराच्या डोक्यावर, आणि आपला स्टॉक दिसला की खरेदीवाला आधी भाव पाडतो.

पहिला मुद्दा मान्य. 'व्हीएमआय' (व्हेंडर मॅनेज्ड इन्व्हेंटरी, म्हणजे गिऱ्हाइकाचा साठा पुरवठादाराने सांभाळायचा) म्हणून आपल्या गळ्यात मारतात ते बहुतेकदा कन्साइनमेंट असतं. माल त्यांच्या गोदामात, पैसा आपला अडकलेला. बिल माल उचलल्यावर, आणि पैसे द्यायच्या मुदतीचे ४५ दिवसही तिथूनच मोजतात. त्यात आपण बेळगावचे. कोगनोळी ओलांडली की राज्य बदलतं. आपल्या नावावर पुण्यात माल ठेवून तिथून विकायचा तर महाराष्ट्राची वेगळी जीएसटी नोंदणी आली. हे लेखात यायला हवं होतं, माझी चूक.

पण खऱ्या व्हीएमआयमध्ये किती आणि कधी पाठवायचं ते पुरवठादार ठरवतो, आणि त्यासाठी गिऱ्हाईक त्याला आपला खप दाखवतं. मालकी कुणाची, हा वेगळा व्यवहार. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वॉलमार्ट आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलने डायपरसाठी हेच केलं. बाळं काही महिनाअखेर बघून लंगोट ओले करत नाहीत; खप सरळ, पण कारखान्यात पोचणाऱ्या ऑर्डरी वरखाली. याला बुलव्हिप म्हणतात. चाबकाची मूठ जराशी हलते, टोक सपकन फिरतं. टोकाला आपण, आणि आपल्याही मागे कास्टिंग ओतून देणारा फाउंड्रीवाला.

उद्यमबागेत माझ्याकडे पंपाची एक फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची कडी, चालते. एका वर्षी ऑर्डर आली ती अशी : जूनमध्ये ९००, जुलैत शून्य, ऑगस्टमध्ये ७०० 'अर्जंट'. डबल शिफ्ट लावली, फाउंड्रीवाल्याच्या विनवण्या करून जादा हीट, म्हणजे भट्टीची एक जादा खेप, काढून घेतली, गणपतीच्या तोंडावर पोरांना थांबवलं. माल द्यायला स्वतः गेलो, तर रॅकला बिन कार्ड, म्हणजे माल किती उचलला त्याची नोंद, लटकत होतं. बॉलपेनने लिहिलेलं, आठवड्याला १२०, १३०, १२५. खप हललाच नव्हता! दर वाढतील या धास्तीने खरेदी खात्याने जूनमध्ये भरून ठेवलं होतं, एवढंच.

तेव्हापासून, खरेदी खात्याला सांगून, स्टोअरकीपर दर सोमवारी त्या कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. तोच मी फाउंड्रीला पुढे पाठवतो. सॉफ्टवेअर नाही की काही नाही.

भाव पाडण्याचं म्हणाल, तर ते होतं आकडा एकाच बाजूने जातो म्हणून. मी आधी त्यांचा खप मागितला. पहिले दोन महिने माझा स्टॉक सांगितलाच नाही. आता तयार मालाचा सांगतो. कच्चं कास्टिंग किती पडलंय, ते आजही नाही. एवढं आतबट्ट्यात न जाण्यापुरतं शहाणपण ठेवावं लागतं की ओ.

तुमच्यापुढे कन्साइनमेंटचा कागद आलाय असं लिहिलंय. सहीआधी दोन गोष्टी बघा. किती दिवस माल उचलला नाही तर तो विकला असं धरणार, आणि ड्रॉइंग बदललं तर उरलेला माल कोण घेणार. दुसरी ओळ माझ्या एका करारात नव्हती. ते ३४० नग अजून शेडमागे ताडपत्रीखाली आहेत.