पोरांचा आवाज आणि पाचशे रुपये दंड

पुण्यातल्या आमच्या सोसायटीने नवी नोटीस लावली आहे. दुपारी २ ते ५ मुलांनी खाली खेळू नये, पार्किंगमध्ये सायकल, स्केटिंग आणि चेंडू कायमचे बंद, नियम मोडल्यास पालकांकडून ५०० रुपये दंड. आईने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बरं झालं, फार गोंगाट करतात हल्ली.’ मी तो फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि वादाला तोंड फुटलं. एका मित्राचं म्हणणं, मुलांना वळण लावायचं सोडून आईबापच नियमांना नावं ठेवतात. एका मैत्रिणीचे सासरे आजारी आहेत, दुपारी त्यांचा डोळा लागतो न लागतो तोच चेंडू खिडकीवर आदळतो. आणि मग त्याच मित्राकडून खास माझ्यासाठी: ‘तू जर्मनीत बसून आम्हाला शिकवू नकोस. तिथे रविवारी कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही.’

हे वाचलं तेव्हा मी बर्लिनमध्ये होते, साडेतीन वर्षांच्या लेकीला घेऊन. आम्ही राहतो एर्लांगेनला. गाव छोटं, सायकलींचं, मूल वाढवायला सोपं. मोठ्या शहरात तिला घेऊन एकटीने फिरायची ही पहिलीच वेळ. त्यामुळे ग्रुपवर द्यायचं उत्तर माझ्या डोक्यात बर्लिनच्या रस्त्यांवरच तयार होत गेलं. ते तिथे लिहिलं नाही, इथे लिहिते आहे.

रविवारचा नियम खरा आहे. ड्रिल नाही, गवत कापायचं यंत्र नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत. पण माझ्या मित्राला या गोष्टीची दुसरी बाजू माहीत नाही. २०११ मध्ये जर्मनीच्या प्रदूषण नियंत्रण कायद्यात एक कलम घातलं गेलं: पाळणाघरं, खेळाची मैदानं अशा ठिकाणी मुलांमुळे होणारा आवाज हा सर्वसाधारणपणे पर्यावरणाला हानिकारक मानायचा नाही, आणि तो मोजायला कारखान्यांचे डेसिबलचे आकडे लावायचे नाहीत. बर्लिन राज्याने तर आपल्यापुरता असा नियम आदल्याच वर्षी केला होता. हा कायदा जर्मन माणसाच्या प्रेमळपणातून आला असं कुणी समजू नये. शेजारी कोर्टात जात होते, पाळणाघरांना जागा सोडाव्या लागत होत्या, म्हणून तो करावा लागला. इथली माणसं आपल्यापेक्षा जास्त चिडकी आहेत. फरक इतकाच की कुणाच्या चिडण्यापुढे कुणाचा हक्क मोठा, हे इथे लिहून ठेवलं गेलं.

आपल्याकडेही आवाजाचे नियम आहेत, २००० सालापासून. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. त्या नियमांत सवलतही आहे, आणि ती लाउडस्पीकरला आहे. सण-उत्सवांसाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १० ते १२ परवानगी देता येते. मी गणपतीच्या विरोधात नाही. ढोल ऐकून माझ्या अंगावर आजही काटा येतो, आणि इथे तो ऐकू येत नाही याचं दुःख मला दर भाद्रपदात होतं. पण ज्या पार्किंगमध्ये वर्धापनदिनाला मध्यरात्रीपर्यंत स्पीकर चालतो, त्याच पार्किंगमध्ये सहा वर्षांच्या मुलाच्या चेंडूला ५०० रुपये दंड, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

बर्लिनमध्ये आमचा पहिला मुक्काम इनव्हॅलिडेनश्ट्रासेवरचं नॅचरल हिस्टरी म्युझियम. मधल्या मोठ्या दालनात जिराफाटिटान उभा आहे, १३ मीटरहून उंच, उभारलेल्या अवस्थेतला जगातला सर्वांत उंच डायनोसॉरचा सांगाडा. त्याची हाडं १९०९ ते १९१३ च्या दरम्यान आजच्या टांझानियातल्या तेंडागुरूहून आणली, तेव्हा ती जर्मन वसाहत होती. लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने मान मागे टाकली, टाकतच राहिली, आणि डोकं दिसलं तेव्हा जी किंकाळी फोडली ती अख्ख्या दालनात घुमली. मी सवयीने तिच्या तोंडाकडे हात नेला. मला वाढवताना शिकवलंच ते. दाराशी उभा असलेला रखवालदार आमच्याकडे आला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्याने तिला दुर्बिणीसारख्या यंत्रापाशी नेलं. त्यातून पाहिलं की सांगाड्यावर आधी आतडी, मग स्नायू, मग कातडी चढत जाते आणि जनावर चालायला लागतं. तिची उंची पुरत नव्हती, त्याने बोटाने पायरी दाखवली. तिला उचलून घेतलं मात्र नाही. इथे परक्याच्या मुलाला कुणी हात लावत नाही. या गोष्टीकडे मला पुढे यायचंच आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनांवर लिफ्ट बंद असणं हा बर्लिनचा रोजचा भाग आहे. एकदा तशीच बंद लिफ्ट, तशाच पायऱ्या, आणि बाबागाडीत झोपलेली लेक. मी वर बघत उभी होते तोवर कानात इअरफोन घातलेल्या एका मुलाने पुढची चाकं धरली, आम्ही गाडी वर नेली, त्याने ती ठेवली आणि तो निघून गेला. एक शब्द नाही, नजरसुद्धा नाही. पुण्यात अशा वेळी चार जण धावून आले असते, ‘ताई, थांबा’ म्हणाले असते, बाळाचं नाव विचारलं असतं, कुणी टोपी घातली नाही म्हणून रागावलंही असतं. पण पुण्यात मी बाबागाडी घेऊन त्या जिन्यापर्यंत पोहोचलेच नसते. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद झाले, चांगले झाले, हे मी पाहिलं आहे. आमच्या सोसायटीच्या दारापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत मात्र गाडी ढकलून दाखवावी कुणीही. तिथे डीपी आहे, तिथे टपरी आहे, तिथे फुटपाथवर चढवलेली चारचाकी आहे. मग मूल कडेवर घ्यायचं, आणि मूल कडेवर असलं की आईने घरी बसावं हे आपोआप ठरतं.

बर्लिनच्या प्रेन्झलाउअर बेर्ग भागात कोलविट्झप्लाट्झ नावाचा चौक आहे. केटे कोलविट्झ ही चित्रकार-शिल्पकार या भागात राहिली. तिचा मुलगा पेटर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि पुढे आयुष्यभर तिच्या कामात मुलं गमावलेल्या आया येत राहिल्या. चौकात तिचा ब्राँझचा बसलेला पुतळा आहे, आणि पोरं त्याच्या मांडीवर चढतात. माझीही चढली. गुडघ्यांचं ब्राँझ हातापायांनी घासून चमकायला लागलेलं आहे. कुणी कुंपण घातलेलं नाही, ‘पुतळ्यावर चढू नये’ अशी पाटी मला दिसली नाही. आपल्याकडे पुतळ्यांना रेलिंग, वर छत्र, खाली कारंजं आणि रात्री लाइट. आदर दाखवायची ती पद्धत मी समजू शकते. तरी लेकीला त्या दुःखी बाईच्या मांडीवर बसून केळं खाताना पाहिलं आणि मला वाटलं, हा आदर त्या बाईला जास्त आवडला असता.

आणि टेम्पेलहोफ. तो विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये धावपट्टीसकट लोकांना खुला झाला. तीनशे हेक्टरांहून मोठं मोकळं रान, शहराच्या मधोमध. सरकारला कडेने घरं बांधायची होती. घरांची टंचाई खरीच आहे, भाडी ऐकून छातीत धस्स होतं. पण २०१४ मध्ये जनमत घेतलं गेलं आणि बर्लिनकरांनी बांधकाम नाकारलं. लेक तिचं लाउफराड, म्हणजे पायाने ढकलायची बिनपॅडलची सायकल, घेऊन धावपट्टीवर सुटली. मला ती ठिपक्याएवढी होईपर्यंत दिसत राहिली, आणि मला तिला हाक मारावी लागली नाही. रस्ता नाही, गाडी नाही, मग हाक कशाला?

ग्रुपवर हे लिहिलं असतं तर लगेच कुणीतरी सांगितलं असतं की जर्मनीतल्याच र्‍यूगेन बेटावरच्या एका हॉटेलमालकाने २०१८ मध्ये संध्याकाळी पाचनंतर १४ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली होती. केली होती. देशभर वादही झाला. पण तो एका माणसाच्या खासगी जेवणघराचा प्रश्न होता. मुलांना खेळायला जिथे दुसरी जागाच नाही अशा त्यांच्या स्वतःच्या घराखालची ती जमीन नव्हती.

कारण आमच्या सोसायटीतलं भांडण मुळात जागेचं आहे. मी लहान असताना बिल्डिंगच्या मागे मोकळा प्लॉट होता. डबा ऐसपैस, लगोरी, विषामृत, सुट्टीत दुपारभर. तळमजल्यावरच्या काकू ओरडायच्या, आम्ही दहा मिनिटं गप्प बसायचो, मग पुन्हा सुरू. दंड कुणी लावला नाही, कारण आम्हाला हाकलायला जागा होती: ‘जा मागे जाऊन खेळा.’ आता मागे जिथे खेळायचो तिथे तीन मजल्यांचं पार्किंग आहे. रिडेव्हलपमेंटच्या बैठकीत प्रत्येक फ्लॅटला दोन गाड्यांची जागा एकमताने मंजूर झाली, मुलांच्या जागेचा विषय कुणी काढला नाही. आईही त्या बैठकीत होती. मीही फोनवर म्हटलं होतं, ‘दोन पार्किंग असली तर फ्लॅटला किंमत चांगली येते.’ तेव्हा मला मूल नव्हतं.

आता परक्याच्या मुलाला हात न लावण्याच्या त्या गोष्टीकडे येते. मागच्या वेळी पुण्याला गेलो तेव्हा त्याच काकूंनी लेकीला न विचारता उचलून नेलं. मी आंघोळ करून बाहेर आले तर ती त्यांच्याकडे पाटावर बसून वरणभात खात होती, तूप कोपरापर्यंत ओघळलेलं. इथे चार महिन्यांच्या वयापासून ती ज्यांच्या शेजारी राहते त्या बाईंनी तिला एकदाही कडेवर घेतलेलं नाही. भेटल्या की छान हसतात, वाढदिवसाला दाराशी कार्ड ठेवतात. माझ्या मुलीला इथे ओरडायचा हक्क आहे. तिला हक्काने कुणी आपल्या ताटातलं भरवेल असं मात्र इथे कुणी नाही, आणि ते मला कुठल्या कलमाखाली मागता येत नाही. रात्री ती झोपल्यावर मी याचा हिशेब करत बसते आणि तो कधीच जुळत नाही. त्या काकूंचीही नोटिशीवर सही आहे.

मला मत नाही. टेम्पेलहोफच्या त्या मतदानात माझ्यासारख्या परदेशी पासपोर्टवाल्यांना मत नव्हतं. २०२४ च्या कायद्याने पाच वर्षांनंतर जर्मन नागरिकत्व मागता येतं आणि जर्मनी जुनं सोडायला सांगत नाही, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. फॉर्म भरून टेबलाच्या खणात ठेवला आहे, सही केलेली नाही. पुण्याच्या सोसायटीत सभासद आई आहे, मी नॉमिनी. नॉमिनीला एजीएममध्ये मत नसतं. ग्रुपवरचा मित्र म्हणतो ते त्या अर्थाने बरोबर आहे, मी कुठेच बसून सांगू शकत नाही. तरी सांगते आहे, कारण माझी लेक दर डिसेंबरात त्याच पार्किंगमध्ये उतरते.

मी एक अर्ज लिहून आईला पाठवला आहे. पाण्याच्या टाकीमागे बंद पडलेल्या स्कूटर आणि मोडकी कपाटं पडलेली आहेत, ती जागा साफ करून मुलांना द्यावी, दुपारची वेळ फक्त मे महिन्यात आणि परीक्षांच्या काळात पाळावी, दंडाचं कलम काढावं. मैत्रिणीच्या सासऱ्यांसारखी आजारी माणसं असतील त्या बाजूला चेंडू नको, हेही लिहिलं आहे. सही आईची लागते. आई म्हणते, ‘सेक्रेटरींनी नोटीस काढली, त्यांनाच मी कशी दुखवू? मागच्या पावसाळ्यात माझा पाय मुरगळला तेव्हा रात्री गाडी काढून दवाखान्यात तेच घेऊन गेले. तू होतीस का?’

मी नव्हते. अर्ज तिच्याकडेच आहे, मी तो मागे घेतलेला नाही.