बोल्टने बसवलेला नेक म्हणजे नकली गिटार नव्हे

आमच्या गडचिरोलीकडे वादकांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘बोल्टने नेक बसवलेली अकूस्टिक गिटार घेऊ नका. डव्हटेलशिवाय आवाज लाकडातून जात नाही. बोल्ट सैल होतात, डव्हटेल जन्मभर हलत नाही. मार्टिन बघा.’ नेक म्हणजे तारांखालचा लांब दांडा, डव्हटेल म्हणजे पाचरीसारखा, सरसाने चिकटवलेला सांधा, आणि मार्टिन ही जुनी अमेरिकन गिटार कंपनी. मी गिटारी बनवतो. तो मेसेज वाचून एका पोट्ट्याने माझ्याकडे अर्धी झालेली गिटार नको म्हटली. बापाने धान विकून पैसे दिले होते त्याला. म्हणून हे लिहितो.

आवाज बोल्टमधून जातच नाही. टाच म्हणजे नेकच्या बुडाचा जाड भाग; तिचे दोन्ही गाल खोक्याला घट्ट टेकले पाहिजेत. बोल्ट फक्त ओढून धरतो. स्पॅनिश पद्धतीत तर डव्हटेल नसतोच, टाचेत खाचा पाडून खोक्याच्या बाजू त्यात बसवतात. एकोणिसाव्या शतकातला स्पॅनिश कारागीर टोरेस, त्याच्या गिटारी अशाच घडल्या.

मार्टिनचं म्हणाल, तर डव्हटेल त्यांची ओळख आहे, आणि नीट बसलेला डव्हटेल बघताना माझेही हात जोडले जातात. पण सी. एफ. मार्टिन 1833 मध्ये न्यूयॉर्कला आले, त्या काळातल्या त्यांच्या कित्येक गिटारींचा नेक स्क्रूवर होता. टाचेतल्या भोकात घड्याळाची किल्ली फिरवून कोन बदलायचा! टेलर या अमेरिकन कंपनीने 1999 मध्ये आणलेला नेकही बोल्टवरच असतो.

बोल्ट सैल होतात, हे अर्धं खरं. नेकच्या लाकडाचे रेषे लांबीने धावतात. टाचेत समोरून फिरवलेला पितळी इन्सर्ट (आट्यांची नळी) रेषांच्या टोकांत बसतो, तिथे आटे नीट धरत नाहीत. म्हणून मी टाचेतून आडवं भोक पाडून त्यात गोल नट घालतो. उन्हाळ्यात लाकूड आकसलं, तर साउंडहोलमधून, म्हणजे खोक्याच्या गोल भोकातून, अ‍ॅलन की (षट्कोनी किल्ली) घालून थोडा पीळ द्यायचा.

‘जन्मभर हलत नाही’ या वाक्यावर मात्र माझा खरा राग आहे. तारा रात्रंदिवस सुमारे 70 किलोच्या ताणाने ओढत असतात. सांधा पक्का असला तरी खोकं हळूहळू वाकतं, नेक पुढे झुकतो, तारा बोटांपासून उंच जातात. त्यात आपला नवतपा : बाहेर कोरडी आग, खोलीत कुलरची ओल, आणि लगेच मागून पावसाळा. लाकूड आकसतं, फुगतं, पुन्हा आकसतं. कधी ना कधी कोन दुरुस्त करावाच लागतो, मार्टिनचासुद्धा. डव्हटेल असेल तर पंधरावा फ्रेट (फिंगरबोर्डवरची, म्हणजे बोटं टेकवायच्या पट्टीवरची, धातूची आडवी तार) उपटून, खाली भोक पाडून, वाफ सोडून सरस मऊ करायचा. वाफ जास्त झाली की पॉलिश पांढरं पडतं. हे काम करणारा आपल्या तालुक्यात कुठे मिळणार? बोल्ट असेल तर दोन बोल्ट काढा, फिंगरबोर्डचं टोक चिकटवलेलं असल्यास शेकून सोडवा, आणि टाचेचे गाल खालच्या अंगाला घासा. तळाशी 1 मिलिमीटर गेला की फ्रेटांवर ठेवलेली सरळ पट्टी ब्रिजपाशी, म्हणजे खोक्यावर तारा अडकवतात तिथे, साधारण 3 मिलिमीटर वर येते.

घेताना टाच आणि खोकं यांच्या फटीत वर्तमानपत्राची चिंधी सरकवून बघा. आत गेली तर सांधा कच्चा. डव्हटेललाही हीच चिंधी लावा.